घणसोली की धणसोली?

'घ' आणि 'ध' शेजारी शेजारी लिहून बघा. फरक केवढा? 'घ'ची शिरोरेघ सलग, 'ध'ची डावीकडे तुटलेली आणि तिथे एक छोटीशी गाठ. बस्स! पण एवढासा फरक पुसला गेला, तर नवी मुंबईतलं घणसोली स्टेशन मोबाइलवर 'धणसोली' होऊन बसेल!

पुसला का जाईल? कारण मोबाइलचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच. यातल्या एकेका ठिपक्याला म्हणतात 'पिक्सेल'. २००० साली आलेल्या नोकिया ३३१० च्या पडद्यावर ८४ बाय ४८, म्हणजे अवघे ४,०३२ ठिपके होते. त्यात मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरं कशी मावणार?

पुढे ठिपके बारीक आणि दाट झाले. २००७ च्या पहिल्या आयफोनचा साडेतीन इंची पडदा ४८० बाय ३२० ठिपक्यांचा होता. २०१० च्या आयफोन ४ चा पडदा तेवढाच, पण ठिपके ९६० बाय ६४०. म्हणजे चौपट!

इथेच पंचाईत झाली. रांगोळीच्या ठिपक्यांमधलं अंतर निम्मं केलं, तर रांगोळीही लहान होते ना? तसंच जुन्या सॉफ्टवेअरने '१०० ठिपके रुंद बटण काढ' म्हटलं, की नव्या पडद्यावर ते निम्मंच दिसणार. बोटाला सापडायचं कसं?

युक्ती सोपी होती. जुन्या एका ठिपक्याच्या जागी दोन आडवे, दोन उभे असे चार ठिपके रंगवायचे. आकार जसाच्या तसा! जुनी चित्रं मात्र ओबडधोबडच राहिली. ती नव्याने काढावी लागली. अक्षरांचं तसं नाही. फॉन्टमध्ये अक्षराचे ठिपके नव्हे, तर बाह्यरेषेची वळणं साठवलेली असतात. त्यामुळे फोन तेच अक्षर दाट ठिपक्यांत नव्याने रेखतो आणि 'ध'ची गाठ स्पष्ट दिसते.

अँड्रॉइड फोनच्या पडद्यांचे तर नाना प्रकार. म्हणून तिथे सॉफ्टवेअर ठिपके मोजतच नाही. ते एका इंचाचे १६० भाग धरून माप सांगतं. ४८ भागांचं बटण म्हणजे सुमारे पाऊण सेंटिमीटर. त्यासाठी किती ठिपके लागतील, तो हिशेब फोनचा!

आता आईबाबांचा मोबाइल मागून घ्या आणि पांढऱ्या पडद्यावर चांगलं भिंग धरा. पांढऱ्या रंगात लपलेले लाल, हिरवे, निळे कण दिसतात का, बघा बरं!