तारायंत्राची कमाई, विद्यापीठाची ठेव

१८४३ चा डिसेंबर. बाल्टिमोरहून वॉशिंग्टनकडे रेल्वेमार्गाच्या कडेने खेचरांनी ओढलेला एक अजब नांगर चालला होता. जमीन चिरायची, चरात तारायंत्राच्या तारा भरलेली शिशाची नळी सोडायची आणि वर माती ओढायची, ही तिन्ही कामे तो एका दमात करी. तारांवरचे आवरण सदोष असल्याचे या तारायंत्राचा प्रयोग चालवणाऱ्या सॅम्युएल मोर्सच्या ध्यानात आले, पण वृत्तपत्रांत बोभाटा होऊ न देता काम थांबवायचे होते. नांगर तयार करणाऱ्या एझ्रा कॉर्नेलने तो सरळ खडकावर घातला. यंत्र मोडले, लाज राखली गेली. पुढे तारा खांबांवर चढल्या आणि २४ मे १८४४ रोजी पहिला अधिकृत संदेश गेला.

१८०७ मध्ये क्वेकर पंथाच्या कुटुंबात जन्मलेला कॉर्नेल सुतारकाम करत इथाका गावी आला होता. पंथाबाहेरच्या मुलीशी लग्न केले म्हणून पंथाने त्याला बाहेर काढले. त्याने माफी मागितली नाही. तारायंत्रावर त्याचा असा विश्वास, की संसाराची ओढाताण सोसून तो तारायंत्र कंपन्यांचे शेअर धरून राहिला. वेस्टर्न युनियन ही तारायंत्र कंपनी उभी राहिली तेव्हा तो गडगंज झाला.

१८६२ मध्ये तो न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेत आणि १८६४ मध्ये सिनेटमध्ये गेला. १८६२ च्याच मॉरिल कायद्याने शेती व यंत्रविद्येच्या शिक्षणासाठी राज्याला सुमारे ९ लाख ९० हजार एकर सरकारी जमिनीची हक्कपत्रे मिळाली होती. सिनेटमधला सहकारी अँड्र्यू व्हाइट याच्या साथीने कॉर्नेलने एकाच मोठ्या विद्यापीठाचा आग्रह धरला. पदरचे ५ लाख डॉलर आणि आपले शेत देऊ केले. जेनेसी कॉलेजला २५ हजार डॉलर देण्याची विधिमंडळाची अटही मान्य केली. २७ एप्रिल १८६५ रोजी विद्यापीठाची सनद झाली. विश्वस्तांत कोणत्याही एका पंथाचे बहुमत नसावे, असे तिच्यात लिहिले गेले.

लोक ५ लाखांची देणगी आठवतात. मला त्याचा पुढचा व्यवहार मोठा वाटतो. सगळी राज्ये एकदम विकायला निघाल्याने हक्कपत्रांचे भाव कोसळले होते. सरकारी दर एकरी सव्वा डॉलर, बाजारात जेमतेम निम्मा. कॉर्नेलने राज्याकडून हक्कपत्रे घेतली आणि त्यांतल्या बऱ्याच पत्रांवर विस्कॉन्सिनची पाइनची जंगले निवडली. भाव चढेपर्यंत जमीन सांभाळायची, कर स्वतः भरायचा, आणि नफा मात्र विद्यापीठाचा, असा करार होता. त्याच्यावर जमीन लाटल्याचे आरोप झाले. रेल्वेतल्या गुंतवणुकीने आणि १८७३ च्या मंदीने त्याची संपत्तीही आटली.

१८६८ मध्ये ४१२ विद्यार्थ्यांनिशी कॉर्नेल विद्यापीठ सुरू झाले. थोड्याच वर्षांत मुलींनाही प्रवेश मिळाला. ९ डिसेंबर १८७४ रोजी कॉर्नेल वारला, तेव्हा जंगलांची खरी किंमत यायची होती. पुढे त्या जमिनींतून विद्यापीठाला सुमारे ५० लाख डॉलर मिळाले. व्यापाऱ्याची नजर आणि जोखीम दोन्ही त्याने लोकांच्या कामी लावली. त्याचे मोठेपण मोजायचे तर देणगीच्या आकड्याआधी हा करार वाचावा.