टाकाऊतून टिकाऊ : रोपांच्या नावपाट्या

चंदीगडला गेलेला पर्यटक सेक्टर १ मधील रॉक गार्डन पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक असलेल्या नेकचंद यांनी फुटक्या कपबशा, बांगड्यांचे तुकडे, जुन्या फरशा अशा टाकाऊ वस्तूंमधून, अनेक वर्षे कोणाच्याही नकळत, ही सृष्टी उभी केली. १९७६ मध्ये ती जनतेसाठी खुली झाली. त्याच शहराच्या सेक्टर १६ मध्ये १९६७ साली स्थापन झालेले झाकीर हुसेन गुलाब उद्यान आहे. तेथे गुलाबाच्या शेकडो जाती आहेत. इतक्या जाती एकत्र असल्या की नावाच्या पाटीचे मोल कळते.

या दोन्ही उद्यानांचा धडा आपल्या गच्चीवरील चार कुंड्यांनाही लागू पडतो. वांगी, टोमॅटो आणि मिरची ही एकाच कुळातील असल्याने त्यांची कोवळी रोपे नवख्याला सारखीच भासतात. विषारी धोतराही याच कुळातला. म्हणून अनोळखी रोपाची पाने स्वयंपाकघरात नेणे धोक्याचे ठरते. पेरणीच्या दिवशीच नावपाटी लावणे हा त्यावरील साधा उपाय होय.

साहित्य घरातच असते. शीतपेयाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कात्रीने कापून त्याच्या पट्ट्या कराव्यात. कडा धारदार असतात, म्हणून हातमोजे घालून त्या आत दुमडाव्यात. पट्टी जुन्या वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवून संपलेल्या बॉलपेनने दाबून लिहिल्यास अक्षरे कोरली जातात. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाही. फुटक्या कौलाच्या तुकड्यावर ऑइलपेंटने लिहिता येते. दह्याच्या प्लॅस्टिक डब्याच्या पट्ट्या एका हंगामापुरत्या चालतात. पुढे त्या उन्हाने ठिसूळ होतात. आइस्क्रीमची काडी ओल्या मातीत लवकर कुजते. स्केचपेनची शाई उन्हात फिकी पडते. याउलट साधी शिसपेन्सिल टिकते, कारण तिच्यातील ग्रॅफाइट हा कार्बनच असल्याने उन्हाने त्याचा रंग उडत नाही.

पाटीवर केवळ नाव पुरेसे नाही. जात, पेरणीची तारीख आणि बी कोठून आणले, एवढी नोंद हवी. पाटी कुंडीच्या कडेशी खोवावी, म्हणजे मुळांना इजा होत नाही.

बँकेच्या नोकरीत बदली अटळ असते. फर्निचर ट्रकमधून नव्या गावी जाते. कुंड्या मात्र बहुधा मागे राहतात. नव्याने येणाऱ्या कुटुंबाला त्या निनावी मिळाल्या, तर हिवाळ्यात पाने झडलेले रोप मेलेले समजून उपटले जाण्याची भीती असते. शाखेचा कार्यभार सोपविताना आपण प्रत्येक खात्याची नोंद तपासून देतो. मग आपल्या हातांनी वाढविलेली रोपेच निनावी का सोडावीत? रद्दीत जाणारा एक डबा आणि पेन्सिलीचा एक तुकडा, एवढ्याच भांडवलावर त्यांचा वारसा सुरक्षित राहतो.