किचन, कुख्न्या आणि आपला सैपाक

आमच्या सोयगावात आजी म्हणते ‘सैपाक’, आम्ही पोरं म्हणतो ‘किचन’. आता गंमत ऐका. स्वयंपाकघराला रशियनमध्ये म्हणतात ‘कुख्न्या’, क्रोएशियनमध्ये ‘कुहिन्या’. स्लाव्हिक भाषांत हा शब्द जर्मनकडून आला, जर्मनमध्ये लॅटिन ‘कोक्विना’वरून. इंग्रजी ‘किचन’ पण तिथलंच.

लॅटिनमध्ये शिजवणं म्हणजे ‘कोक्वेरे’. त्याचं आणि संस्कृत ‘पच्’ धातूचं मूळ एकच. ‘पच्’वरून ‘पाक’ आणि त्यावरून आपला स्वयंपाक. रशियन लोक चुलीला, भट्टीला ‘पेच’ म्हणतात, तेही त्याच घराण्यातलं.

म्हणून शहरातल्या मित्रांसमोर ‘सैपाक’ म्हणायला लाजू नका. तो गावंढळ नाही, किचनचा चुलतभाऊच आहे!