गोटी, दार आणि गुळव्याची बोटं

चोर्ला घाटाच्या वाटेवर जांबोटीला चहासाठी गाड्या थांबतात. पातेल्यातलं दूध वर येऊ लागलं की चहा करणारा आच कमी करतो आणि खाली बसलं की पुन्हा वाढवतो. दूध कुठवर आलं ते पाहणं, ते कुठवर यावं हे आधीच ठरलेलं असणं आणि दोहोंत पडलेल्या अंतराप्रमाणे हात चालवणं, या तीन गोष्टी तो क्षणात उरकतो. साखर कारखान्यातलं किंवा दूध डेअरीतलं स्वयंचलित नियंत्रण याहून निराळं काही करत नाही. पेय नेमकं देणं हे किरकोळ काम आणि कारखाना चालवणं हे खरं तंत्रज्ञान, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती चुकीची आहे. दोन्हींमागचं विज्ञान एकच आहे, आणि त्याची काही महत्त्वाची साधनं तर पेयांच्या गरजेतूनच जन्मली आहेत.

गोटी सोड्याची बाटली घ्या. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्यानं १८७० च्या दशकात तिचं पेटंट घेतलं. मानेत काचेची गोटी आणि तोंडाशी रबराची कडी, एवढंच तिचं यंत्र. बाटली उलटी धरून भरतात, त्यामुळे गोटी तोंडाशी येते आणि सोड्यातला वायू तिला कडीवर दाबून धरतो. आतला दाब जितका जास्त, तितकं झाकण घट्ट. म्हणजे जो वायू निसटू पाहतो, तोच स्वतःला कोंडून घेतो. हायड्रॉलिक यंत्रांत तेलाला एकाच दिशेनं वाट देणारा व्हॉल्वही याच तत्त्वावर चालतो. तिथे काचेऐवजी पोलादी गोळी असते आणि तिला बैठकीवर रेटायला बहुधा स्प्रिंग असते. हायड्रॉलिक व्हॉल्वच्या निर्मितीसाठी बेळगावचं नाव आहे, ते लक्षात घेतलं तर ही बाटली आपल्याला परकी वाटू नये. कोणी म्हणेल, तुलना ताणलेली आहे, कारण गोटी काही मोजत नाही. हा आक्षेप रास्त आहे. गोटी फक्त दाबाला दाद देते. किती सोडा आत आहे, किती बाहेर गेला, याचा तिला पत्ता नसतो. व्हॉल्व हा नियंत्रणाचा हात आहे. त्या हाताला डोळ्याची जोड मिळाली की खरं नियंत्रण सुरू होतं.

अशी जोड कशी देता येते, ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी दाखवलं. बेळगावच्या तांत्रिक विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पुण्याला पाणी पुरवणाऱ्या खडकवासल्याच्या जलाशयावर त्यांच्या रचनेची स्वयंचलित दारं १९०३ मध्ये बसली. अडचण अशी होती की सांडवा कायमचा उंच केला तर पुरात धरणाला धोका, आणि नाही केला तर अडवता आलं असतं असं पाणी वाहून जायचं. विश्वेश्वरय्यांनी दारांना वजनांनी असं तोललं की पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की ती आपोआप उघडत आणि पातळी उतरली की मिटत. वीज नाही, रात्रभर जागणारा माणूस नाही. पाण्याचीच पातळी मोजमाप करते आणि पाण्याचाच जोर दार हलवतो. चहावाल्याच्या डोळ्याचं आणि हाताचं काम इथे लोखंडानं केलं. पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागरावरही ही पद्धत वापरली गेली.

पातळी डोळ्यांना दिसते, आंबटपणा दिसत नाही. तो आकड्यात मांडण्याची सामूची, म्हणजे पीएचची, मोजपट्टी सोरेन सोरेनसन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत तयार केली. ही प्रयोगशाळा एका बिअर कारखान्यानं उभारलेली होती. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९३४ मध्ये, अमेरिकेत अर्नोल्ड बेकमन यांनी सामू मोजणारं विद्युत उपकरण बनवलं, तेही लिंबाच्या रसासाठी. रस टिकावा म्हणून त्यात सल्फर डायऑक्साइड मिसळलेला असे. त्यानं आंबटपणा दाखवणाऱ्या लिटमस कागदाचा रंगच उडे, म्हणून दुसरा उपाय शोधावा लागला. आज संकेश्वरचा हिरण्यकेशी असो की निपाणीचा हालसिद्धनाथ, सहकारी साखर कारखान्याचं गणित याच मोजमापावर उभं असतं. उसाच्या ताज्या रसाचा सामू साधारण पाच ते साडेपाच असतो. तसाच आंबट रस तापवला तर साखरेचे रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, आणि तेवढी साखर दाण्यात येत नाही. म्हणून पाण्यात कालवलेला चुना घालून सामू सातच्या आसपास आणतात. चुना जास्त झाला तर रस काळवंडतो. सामूतला एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक, त्यामुळे इथे अंदाजानं भागत नाही.

यंत्राच्या या मोजमापावर सर्वांत वजनदार आक्षेप गुऱ्हाळातून येतो. काहिलीतला पाक थेंबभर थंड पाण्यात टाकून, बोटांनी त्याची गोळी वळून गुळव्या सांगतो की गूळ उतरवायची वेळ झाली. मग यंत्र कशाला? गुळव्याची बोटं खोटं बोलत नाहीत, हे मान्यच करायला हवं. तापमापक तिथे सुमारे ११८ अंश सेल्सिअस दाखवतो, आणि तो आकडा गुळव्याच्या ज्ञानाला पुष्टीच देतो. पण बोटांचं ज्ञान गुळव्याबरोबर येतं आणि त्याच्याबरोबरच जातं. नोंदवलेला आकडा मागे उरतो, पुढच्याला शिकवता येतो आणि ऊस बदलला तर काय बदललं तेही सांगतो. किती अंशांवर थांबायचं हे गुळव्यानं ठरवावं, त्यावर पहारा मात्र यंत्रानं द्यावा. यात कारागिराचा मान कमी होत नाही.

दुसरा आक्षेप रोजगाराचा आणि खर्चाचा आहे. काही हातांचं काम कमी होईल, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही रटरटणाऱ्या काहिलीवर वाफ अंगावर घेत तासन् तास उभं राहणं टळलं, तर ते नुकसान म्हणता येणार नाही. व्हॉल्व घडवणं, मापं तपासणं, दुरुस्ती करणं हे काम मात्र वाढतं. ते आपल्याच भागात राहील की बाहेरून यंत्रं आणून आपण फक्त बटणं दाबू, हे आपल्या निवडीवर आहे. खर्चाचं उत्तर गोटी आणि खडकवासल्याचं दार यांनी कधीच दिलं आहे. नियंत्रण महाग असलंच पाहिजे असा काही नियम नाही.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप, विश्वेश्वरय्यांच्या नावाचं विद्यापीठ आणि निपाणीकडचा ऊस, हे सगळं एका जिल्ह्यात आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प निवडताना एकदा गुऱ्हाळात जाऊन गुळव्याशेजारी तापमापक घेऊन उभं राहावं. करण्यासारखं खूप काम तिथे वाट पाहत आहे.