विश्लेषण : फळमाशीचे पंख वरच का अडकतात? माणसाच्या हृदयविकाराशी त्याचे नाते काय?

पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी चिलटे, म्हणजेच फळमाश्या, जगभरातील जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळांत बाटल्यांमधून वाढवल्या जातात. त्यातल्या काही बाटल्यांमधील माश्यांचे पंख कायम वर उभारलेले असतात. त्या चालतात, खातात, अंडीही घालतात, पण उडू शकत नाहीत. त्यांच्या स्नायूंतील प्रथिनाच्या एका जनुकात लहानसा बदल झालेला असतो. माणसाच्या हृदयाच्या स्नायूतील काही आजार समजून घेताना या माश्या उपयोगी पडत आहेत.

माशी इतक्या वेगाने पंख कशी मारते?

जेमतेम तीन मिलिमीटरची फळमाशी उडताना सेकंदाला सुमारे २०० वेळा पंख मारते. तिच्या उड्डाण-स्नायूंना मज्जातंतूंकडून मिळणारे इशारे मात्र सेकंदाला पाचच्या आसपास असतात. इशारे कमी आणि पंखांची फडफड कितीतरी जास्त, हे कोडे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन प्रिंगल यांनी १९४९ मध्ये माश्यांवरील प्रयोगांतून समोर आणले. पंखांना गती देणारे हे मोठे स्नायू पंखांना थेट जोडलेले नसतात. ते छातीच्या टणक कवचाला आतून चिकटलेले असतात, काही उभे तर काही आडवे. उभे स्नायू आकसले की छातीचा आकार बदलतो आणि आडवे ताणले जातात. हा ताण हाच त्यांच्यासाठी आकसण्याचा इशारा ठरतो. मग आडवे आकसतात आणि उभे ताणले जातात. मज्जातंतूचे काम फक्त ही यंत्रणा चालू ठेवण्यापुरते. इतक्या नाजूक तालावर चालणाऱ्या यंत्रात एखादे प्रथिन किंचित बिघडले तरी माशी जमिनीवर येते. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने ही मोठी सोय, कारण उडता न येणारी माशी बाटलीत मजेत जगते आणि बिघडलेले जनुक पुढच्या पिढीला देते.

एका जनुकातून वेगवेगळे स्नायू कसे?

स्नायूचे इंजिन म्हणजे मायोसिन हे प्रथिन. माणसात हृदयासाठी, हातापायांसाठी त्याची वेगवेगळी जनुके आहेत. फळमाशीकडे स्नायूंच्या मायोसिनच्या मुख्य साखळीसाठी एकच जनुक आहे. या जनुकातील काही तुकड्यांना पर्याय आहेत. एका जागी दोन, दुसऱ्या जागी चार, आणखी एका जागी पाच असे. प्रत्येक स्नायूतील पेशी आपल्याला हवा तो पर्याय निवडून बाकीचे गाळते. कागदावर अशा ४८० जुळण्या होऊ शकतात. अमेरिकेतील सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीचे सॅनफोर्ड बर्नस्टाइन यांच्या गटाने १९९६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात भ्रूणातील स्नायूंसाठीचे मायोसिन प्रौढ माशीच्या उड्डाण-स्नायूत बसवण्यात आले. स्नायूचे तंतू व्यवस्थित बांधले गेले, पण माशी उडेना. स्नायूची बांधणी आणि त्याचे काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसले.

मायोसिन ज्या तंतूला धरून ओढते, त्या ॲक्टिनच्या बाबतीत मात्र माशीने उलटा मार्ग धरला आहे. त्याची सहा जनुके आहेत आणि त्यातले एक प्रामुख्याने उड्डाण-स्नायूसाठीच राखीव आहे.

पंख वर अडकण्यामागचे कारण काय?

सुरुवातीला दोष मज्जासंस्थेत असेल अशीही शंका घेता येत होती. योशिकी होट्टा आणि सेमूर बेंझर यांनी १९७२ मध्ये शरीराचा काही भाग निरोगी आणि काही भाग सदोष अशा मिश्र माश्या तपासून दोष स्नायूशीच निगडित असल्याचे दाखवले. पुढे १९९१ मध्ये अशा काही माश्यांमध्ये ट्रोपोनिन-आय या प्रथिनाचे जनुक बिघडल्याचे स्पष्ट झाले. त्यातल्या एका प्रकारात ११६ व्या जागी ॲलनिनऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल आलेले असते. बदल तेवढाच.

ट्रोपोनिन-आय हा स्नायूचा ब्रेक. तो सैल पडला की इशारा नसतानाही मायोसिन ओढत राहते. स्नायू आधी नीट तयार होतो, मग स्वतःच्याच जोराने फाटतो. हे कशावरून? सध्या बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत असलेले उपेंद्र नोंगथोम्बा आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की, अशाच माशीत मायोसिनच्या जनुकातही विशिष्ट बदल असेल तर स्नायूची नासधूस टळते. ब्रेक दुरुस्त न करता इंजिनाचा जोर कमी केल्यासारखेच हे झाले.

माणसाशी संबंध कसा?

छातीत दुखू लागल्यावर रुग्णालयात केली जाणारी ‘ट्रोपोनिन टेस्ट’ याच कुटुंबातील प्रथिने रक्तात शोधते. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजार सुमारे ५०० जणांत एकाला असतो. तरुण खेळाडूंच्या मैदानावरील अचानक मृत्यूंमागे अनेकदा तोच असतो. या आजारात बऱ्याचदा मायोसिन गरजेपेक्षा जास्त ओढते. अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालेले मावाकॅमटेन हे औषध मायोसिनलाच आवर घालते. ते माश्यांवरील प्रयोगांतून आलेले नाही, पण तर्क तोच आहे.

माशीचे हृदय म्हणजे एक साधी नळी. तिला माणसासारख्या रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे दोन्हींची सरळ तुलना करता येत नाही. ट्रोपोनिन-आयचा वर सांगितलेला बदल असलेल्या माशीचे हृदय जाड होत नाही, तर फुगते. तरीही एका ठिकाणी माशी फार उपयोगी पडते. हृदयरोग्याच्या जनुक चाचणीच्या अहवालात अनेकदा ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो. जनुकात बदल सापडलेला असतो, पण तो घातक की निरुपद्रवी हे डॉक्टरांना सांगता येत नाही आणि घरातील भावंडांना धोका आहे का, हा प्रश्न लोंबकळत राहतो. प्रथिनाचा तो भाग माणसात आणि माशीत सारखा असेल, तर तोच बदल माशीच्या जनुकात करून पाहता येतो. अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला २५ अंश सेल्सिअसला सुमारे १० दिवस लागतात. त्यानंतर ती उडते का आणि तिच्या हृदयाची नळी कशी धडधडते, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते.