कात्रीच्या टोकावरची कला

सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यानात सकाळच्या प्रहरी झुडुपांची छाटणी करणाऱ्या माळ्याच्या हातातील कात्रीपेक्षा त्याच्या पावलांकडे अधिक लक्ष द्यावे; कारण चार-दोन फांद्या उतरविल्या की तो मागे सरतो, वाटसरूची दृष्टी जेथून त्या झुडुपावर पडेल तेथे जाऊन उभा राहतो, त्याची गोलाई ओढ्याच्या वळणाशी आणि पलीकडील हिरवळीच्या चढाशी जुळते किंवा नाही हे न्याहाळतो, आणि मगच पुन्हा पानांत कात्री घालतो.

सुमारे दहा एकरांचे हे उद्यान ज्या कोराकुएनच्या धर्तीवर पुणे महानगरपालिकेने उभारले, ते जपानातील ओकायामा येथे आहे. तेथील संस्थानाधिपती इकेदा त्सुनामासा याच्या हुकुमावरून त्सुदा नागातादा या कारभाऱ्याने १६८७ साली त्याचे काम आरंभिले आणि १७०० साली, म्हणजे इकडे राजाराम महाराजांनी सिंहगडावर देह ठेवला त्याच वर्षी, ते सिद्धीस नेले. कुंपणाबाहेरील डोंगरही आपल्या चित्रात सामावून घ्यावा, आणि वाट अशी वळवावी की प्रत्येक वळणावर पाणी, पाषाण व वृक्ष यांची नवी संगती डोळ्यांपुढे यावी, हे या जपानी उद्यानकलेचे मर्म होय. पुण्यात शेजारच्या कालव्याचे पाणी हीच रचना सजीव करते.

परंतु चित्रकाराने कुंचला खाली ठेवला म्हणजे चित्र पुरे होते, तसे उद्यानाचे होत नाही. त्यातून आपल्याकडे हिमवृष्टी नाही. झाडाला सक्तीची विश्रांती नाही. आणि मृगाच्या सरी पडताच जी कोवळी पालवी फुटते, ती महिनाभर दुर्लक्षिली तर मूळ आकार ओळखू येईनासा होतो. कोठे थांबावे हे ज्याला कळते त्याच्याच हाती ही कात्री शोभते, कारण एक जाड फांदी चुकून उतरली की ती खोट भरून येण्यास ऋतूंमागून ऋतू जावे लागतात.

कोराकुएनची १९३४ च्या महापुराने आणि १९४५ च्या बॉम्बवर्षावाने अपरिमित हानी केली. तरीही जुने नकाशे आणि दस्तऐवज जपलेले असल्यामुळे ते पूर्वरूपास आणता आले. आपणही या उद्यानातील प्रत्येक ताटव्याची व प्रत्येक दृश्याची रीतसर नोंद दप्तरी ठेवावी, आणि जाणत्या माळ्याच्या हाताखाली दोन तरुण उमेदवार नेमावेत. कारण कागदाने आकार टिकेल, पण कोठे थांबावे याची जाण एका हाताकडून दुसऱ्या हाताकडेच जाते, आणि ती जाण असणाऱ्या माळ्याला कलावंत म्हणून मान देणे हे या नगरीचे कर्तव्य आहे.