हार्लेम ते चिरागनगर

मुरबाड तालुक्यातल्या धसईत बसून मी न्यूयॉर्कच्या हार्लेमविषयी लिहितो आहे, याचे वाचकांना हसू येईल. पण आमच्याकडची माणसे पोटासाठी कल्याण-मुंबईची वाट धरतात, तशीच अमेरिकेच्या दक्षिणेतली कृष्णवर्णीय माणसे मालकांचा जाच मागे टाकून उत्तरेच्या शहरांत गेली. हार्लेममध्ये ती एकत्र आली आणि १९२० नंतरच्या दशकात तिथे कवी, चित्रकार व वादक यांचे जणू पीकच आले! १९२५ साली अलेन लॉक यांनी ‘द न्यू निग्रो’ हा संग्रह काढला. १९२६ साली लँग्स्टन ह्यूज यांचा पहिला काव्यसंग्रह निघाला. ड्यूक एलिंग्टन यांचे वादन कॉटन क्लबात गाजले. मात्र त्याच क्लबात कृष्णवर्णीय श्रोत्यांना सहसा मज्जाव असे. कला हवी, माणूस नको!

हे आपल्याला काही नवे आहे का? हार्लेमला लागूनच असलेल्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात डॉ. आंबेडकर शिकत होते. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्रही लिहिले.

आपले हार्लेम मुंबईच्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत फुलले. वाटेगावहून पायी मुंबईला आलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी १९४४ साली अमर शेख व गवाणकर यांच्यासह लालबावटा कलापथक उभे केले. मुंबईत १९५८ साली भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटक तेच. पुढच्याच वर्षी ‘फकिरा’ आली. १९६३ साली बाबुराव बागुलांच्या कथा आल्या. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ निघाला, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली.

अण्णा भाऊंच्या नावाचे टपाल तिकीट २००२ साली निघाले. घाटकोपरच्या चिरागनगरात मात्र त्यांनी वर्षानुवर्षे झोपडीत बसून लिहिले. मी धसईतल्या मुलांना ‘फकिरा’ वाचायला देतो. एकाने विचारले, “गुरुजी, एवढे कष्ट करून ह्यांना लिहायला वेळ कधी मिळाला?” उत्तर सोपे नव्हते. वेळ त्यांना कुणी दिला नाही. तो त्यांनी झोपेतून काढून घेतला.

म्हणून शहरातल्या वाचकांना एकच विनंती. दिवाळीची पुस्तके घेताना यांतले एखादे पिशवीत टाका, आणि ते मुलांच्या हाती लागेल अशा जागी ठेवा. टाळी वाजवून कलावंताला दाराबाहेर उभे करणे हार्लेमलाही जमले होते. त्याला घरात घेणे अवघड.